उडणारा पेंग्विन

३ फेब्रुवारी, सांगली
रिजवानचा मेल. माझा विद्यार्थी, आता न्यूझीलंडमधल्या एका संग्रहालयात संशोधक. लिहितो — शरयू मॅडम, तुमच्या पेपरच्या विरोधात लिहिलंय, छापण्याआधी तुम्ही वाचा.
त्याच संग्रहालयातल्या एका जीवाश्माच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवरून मी वीस वर्षांपूर्वी तो पेपर लिहिला होता. खांद्यातलं एकच हाड. पेंग्विनचे पूर्वज उडायचे, हे सगळेच मानतात. उडणं सुटलं कसं, त्याचा मधला दुवा म्हणजे हा पक्षी — थोडंफार उडणारा पेंग्विन — असं माझं म्हणणं. रिजवान म्हणतो, उडत नव्हता. इतका जड पक्षी फक्त बुडी मारणार.
चुकतोय. उद्या सांगते.

४ फेब्रुवारी
चार पानी उत्तर पाठवलं. सुमंत म्हणाला, जरा सौम्य कर. नवऱ्याचं ऐकलं नाही.

९ फेब्रुवारी
मंडईत रिजवानची आई भेटली, अकिला. माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाई, पोरगं तुमच्यावर उलटलं म्हनत्यात. खरं हाय?"
डोळ्यांत पाणी! बाजूला घेऊन समजावलं. उलटला असता तर आधी मला दाखवलं असतं का? वाद घालतोय, घालू दे. हरणार आहे, हेही सांगून टाकलं. तेव्हा कुठे हसली. जाताना दोन पेंड्या मेथी माझ्या पिशवीत कोंबली.

१४ फेब्रुवारी
रिजवानचं उत्तर. एकेक मुद्दा शांतपणे खोडलाय. सोबत हाडाचं नवं स्कॅन. माझ्या प्रतिकृतीत एक टोक तुटकं दिसत होतं. खऱ्या हाडात ते शाबूत, पण दगडात रुतलेलं, म्हणून प्रतिकृतीत उतरलंच नव्हतं. म्हणजे पक्षी माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा. एवढं वजन घेऊन हवेत उठता येत नाही.
मापं पुन्हा घेऊन पाहिली.
रिजवानचं बरोबर आहे. त्याला तसं कळवलं. छाप म्हटलं.

१५ फेब्रुवारी
पण एक खटकतंय. नव्यानं दिसलेलं ते टोक पेंग्विनसारखं वळत नाही. कॉलेजात जाऊन पाणकावळ्याचा सांगाडा बाहेर काढला. आपल्या कृष्णेवरचाच पक्षी, बुडीही मारतो आणि उडतोही. त्याचं तेच हाड स्कॅनशेजारी धरलं. आकारानं कितीतरी लहान, पण वळण तेच!
फोटो काढून रिजवानला पाठवले. वर एक ओळही लिहिली नाही. त्याचं त्याला दिसू दे.

१७ फेब्रुवारी
रिजवानचा फोन. धाप लागल्यासारखा बोलत होता. उत्तरेच्या समुद्रात फार पूर्वी पंखांनी पोहणारे पक्षी होते, दिसायला पेंग्विन, नात्यानं पाणकावळ्यांच्या जवळचे. आणि हे हाड मुळात सापडलं कुठे, याची संग्रहालयात नोंदच नाही, म्हणजे ते उत्तरेकडूनही आलेलं असू शकतं.
"मॅडम, हा पेंग्विनच नाही."
त्याचा पेपर थांबला. माझा तर गेलाच. आता दोघं मिळून नवा लिहितोय. पहिलं वाक्य मीच लिहिणार.