कंठाला टेकवलेली काठी

मी, व्हर्लिन एडगर हॅथकॉक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार विलो फोर्क तलाव, कॉर्बिन काउंटी, मिसूरी, काउंटीच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. वकील मिस टॅकेट यांनी छापील नमुना दिला होता. त्यात 'इतर वस्तू' याखाली दोनच ओळी मोकळ्या होत्या, म्हणून हे स्वतः लिहीत आहे. पत्नीबरोबर केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात आधी मी जाणार असे आम्ही दोघे धरून चाललो होतो.

माझी पत्नी नेल्डा गेल्या वर्षी चार मार्चला वारली.

कलम १. राहते घर, त्याखालची जमीन आणि तलावावरचा लाकडी धक्का माझी एकुलती मुलगी रोवेना हिला द्यावा. ती ओक्लाहोमात टल्सा येथे राहते. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. मागच्या पायऱ्यांची तिसरी फळी मी दरवर्षी बदलायची ठरवतो. घेणाऱ्याला तेवढे सांगावे.

कलम २. बँकेत असेल ते रोवेनाचे. त्यातून चर्चच्या ऑगस्टमधल्या मासे तळण्याच्या जेवणासाठी मक्याचे पीठ आणि तेल घ्यावे. नेल्डा ते दरवर्षी घेत असे आणि कोणाला कळू देत नसे. आता कळले तरी चालेल.

कलम ३. माझी दुर्बीण, तिवई आणि मोजणीची साखळी इथल्या हायस्कूलला द्यावी. तलावाचा मोठा नकाशा मात्र देऊ नये. तो रोवेनाचा आहे. त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. त्यांचे कारण असे.

धरण बांधले तेव्हा जुना नऊ नंबरचा रस्ता पाण्याखाली गेला. खात्याच्या नकाशात तो बुल हॉलोच्या खाडीतून सरळ जातो. नेल्डा एकतीस वर्षे लोकांना होडीतून बास मासे धरायला नेत असे आणि स्वतः फक्त जिग वापरत असे. जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा जाड गळ, त्याला रबराच्या धाग्यांची झालर. तो तळाशी टेकवून, उचलून, पुन्हा टेकवत आणायचा, म्हणजे माशाला वाटते झिंगा चालला आहे. एकदा चाळीस फूट पाण्यावर होडी उभी करून ती म्हणाली, "व्हर्ल, तुझा रस्ता इथं डावीकडे वळतो."

मी तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "वळत नाही. नकाशा माझ्या खात्याचा आहे."

"मग खात्याला सांग. इथं खडी संपली. आता चिकणमाती. हे दगड, घडवलेले, कोपऱ्याचे. परत खडी."

तिला कानाने काहीच ऐकू येत नसे. एकोणिसाव्या वर्षी तापात तिचे कान गेले. माझी तिची ओळख त्यानंतर नऊ वर्षांनी झाली. ती ओठ वाचत असे, आणि तळ गळाच्या काठीतून हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून वाचत असे. दोन आठवड्यांनी मी काउंटीच्या तळघरातून १९३१चा नकाशा काढला. रस्ता तिथे डावीकडे वळत होता, एका जुन्या गिरणीच्या दगडी पायाला वळसा घालून. पुढच्या कोणा नकलनविसाने तो सरळ केला होता आणि मी बावीस वर्षे त्यावर सही करत होतो. चाळीस फूट पाणी, तंगुसाची दोरी आणि एक काठी, एवढ्यातून तिने माझ्या खात्याची चूक हाताने चाचपून काढली होती. लाल खुणा तिच्या सांगण्यावरून केलेल्या आहेत. सगळ्या बरोबर आहेत.

कलम ४. नेल्डाचा भाऊ डॉयल याला माझ्या कपाटातला कॉफीचा रिकामा डबा द्यावा. त्यात नेल्डाच्या जुन्या काठीच्या शेंड्याचा पाच इंचांचा तुकडा आहे. डॉयल, १९८९ साली तू ट्रकचे दार तिच्या काठीवर लावलेस, तुकडा चिकटवलास आणि काठी गुपचूप जागेवर ठेवलीस. पहिल्याच फेकीला ती म्हणाली होती, "ही तोतरी झालीये. डॉयल येऊन गेला का?" आम्हाला त्याच दिवशी कळले होते. तिने मला बोलू दिले नाही. होडी आणि ती ओढून न्यायचा गाडाही तुलाच. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी तू सकाळपासून उभा राहून दोनशे लोकांसाठी मासे तळलेस आणि स्वतः जेवला नाहीस, ते मी पाहिले. शिवाय तू काठी मोडली नसतीस तर पुढचे कलम लिहायला मला काही नसते.

कलम ५. नेल्डाच्या इतर सहा काठ्या सामानाच्या दुकानाचे मालक बर्ल सँडेज यांनी न्याव्यात आणि जिगसाठी काठी शोधत येणाऱ्यांना द्याव्यात, पण घेणाऱ्याला आधी पुढचे वाचून दाखवावे. हे तिचे सांगणे आहे, मी फक्त उतरवले आहे.

काठी दुकानात हवेत हलवून पाहू नका. सगळे हलवतात, आणि हवेत सगळ्याच काठ्या चांगल्या. लांबी सात ते साडेसात फूट असावी. त्याहून आखूड असली तर खोल पाण्यात तंगुसाची ढील वेळेवर गोळा होत नाही आणि जाड गळ माशाच्या टाळूत रुतत नाही. खालचा पाऊण भाग ताठ हवा, कारण झुडपांतून मासा वर काढायचा असतो. वरचा पाव भाग लवचिक हवा, आणि सोडला की लगेच थांबणारा. रीळ बसवा, रिळाच्या पुढे एका बोटावर काठी तोला. शेंड्याकडे कलली तर परत ठेवा. शेंडा जड असला की दुपारपर्यंत मनगट बधिर होते, आणि बधिर मनगटाला काही कळत नाही. मूठ बुचाची, कोपराखाली पोचेल एवढी. तंगूस ओवायच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे तंगूस कापला जाईल. किंमत सगळ्यांत शेवटी पाहा. मी एकदा किंमत पाहून तिच्यासाठी काठी आणली होती. तिने ती टोमॅटोच्या रोपाला बांधली.

हे सगळे जमले तरी निवड झाली असे समजू नका. डॉयलने काठी मोडल्यावर आम्ही बर्लच्या दुकानात गेलो, तेव्हाचे सांगतो. तिने बारा काठ्या बाजूला काढल्या आणि मला म्हणाली, "इकडे ये. शेंडा गळ्याला लाव आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला कुठं ऐकू येतंय."

दुकानात आणखी चार माणसे होती. मी काउंटीच्या रस्त्यांचे नंबर म्हणू लागलो. ती मूठ धरून डोळे मिटून उभी. बर्ल तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "मिस नेल्डा, काठी तपासताय का नवरा?"

तिने डोळे उघडून त्याचे ओठ वाचले. "नवरा केव्हाच पसंत केलाय. फार बोलत नाही, एवढंच."

पहिली काठी तिने ठेवून दिली. "हिच्यात तू गोणपाटातून बोलतोस." पाचवीत म्हणे मी शेजारच्या खोलीत होतो. अकरा काठ्या अशाच गेल्या. बारावी राखाडी, सात फुटांची, नाव नसलेली. मी नऊ नंबरपर्यंत आलो तेव्हा तिने डोळे उघडले. हात तसाच ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली.

"असा आहे होय तुझा आवाज," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. चारही माणसे उगीचच गळांच्या पेट्या पाहू लागली. मी रस्त्यांचे नंबर पुढे चालू ठेवले.

कलम ६. ही राखाडी काठी. तिच्याबद्दल लिहिण्याआधी मला एक कबूल करायचे आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर नेल्डाने डोळे उघडणे बंद केले. म्हणजे ओठ वाचणेही संपले. घरी येणारी नर्स म्हणाली, "बोलत राहा, कान सगळ्यांत शेवटी जातात." मी म्हणालो, "तिचे सगळ्यांत आधी गेले." रोवेना फोन करून विचारायची, "निघू का, डॅडी?" मी म्हणायचो, "तशीच आहे. रस्त्यावर बर्फ आहे, थांब." बर्फ होता, पण एवढा नव्हता. आई चालली आहे हे वाक्य मला मोठ्याने म्हणता आले नाही.

तीन मार्चला दुपारी मी ती काठी आत आणली. मूठ तिच्या हातात दिली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये सात फुटांची काठी मावेना, म्हणून मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो आणि शेंडा गळ्याला लावला. सवयीने आधी रस्त्यांचे नंबर म्हटले. तिची तर्जनी सरकली आणि काठीवर नेहमीच्या जागी जाऊन टेकली. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांत जे म्हटले नव्हते ते म्हटले. ते इथे लिहीत नाही. तिचे मनगट अर्धा इंच वर उचलले गेले. मासा जिग तोंडात घेतो तेव्हा हिसका देण्याआधी ती अगदी एवढेच उचलत असे, खात्री करायला. मी आयुष्यभर उंची आणि अंतरे मोजली आहेत. त्या अर्ध्या इंचाचे काय करावे हे मला अजून कळलेले नाही.

रोवेना चार तारखेला रात्री पोचली. स्वयंपाकघरात कोट न काढता ती म्हणाली, "दोन दिवस, डॅडी. दोन दिवस आधी सांगायचं. मी ममाचा हात तरी धरला असता."

मी म्हणालो, "कॉफी आहे."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. नाताळला कार्ड आले, त्यावर छापलेले नाव. ते बरोबरच आहे. लहानपणी ती होडीत आईच्या हाताखाली हात घालून काठी धरायची आणि म्हणायची, "ममा, खाली कोणीतरी दार वाजवतंय." तिचे हात आईचे आहेत. आईचा शेवटचा हात कसा हलला हे तिला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असलेला माणूस मी एकटा आहे.

म्हणून या कलमात मी असे लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर राखाडी काठी रोवेनाला द्यावी. तिने मूठ धरावी, बर्ल सँडेज यांनी शेंडा आपल्या गळ्याला लावून सोबतचे बंद पत्र मोठ्याने वाचावे.

आज सही करायला आम्ही मिस टॅकेट यांच्या कचेरीत जमलो. बर्लने हे कलम वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले.

"मी वाचायचं हे? माझ्या आवाजात?"

"तू बरा बोलतोस," मी म्हणालो.

"मी बोलतो खूप. बरा नाही. अरे व्हर्लिन, पोरीला माझा आवाज घेऊन काय करायचंय? आणि तू गेल्यावर तुझा गळा मी कुठून आणू?"

मी मिस टॅकेट यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "कायद्यानं हरकत काही नाही, मिस्टर हॅथकॉक." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "फक्त कायद्यानं."

बर्ल म्हणाला, "टल्सा चार तासांवर आहे. रस्ते तुला पाठ आहेत."

सबब कलम ६ मधील काठीची तजवीज मी स्वतःच्या हाताने खोडली आहे आणि पत्र फाडले आहे. ही काठी या मृत्युपत्रातून वगळावी. ती मी जिवंतपणी देणार आहे. येत्या शनिवारी सकाळी ती ट्रकमध्ये आडवी ठेवून, दार लावण्यापूर्वी दोनदा पाहून, मी निघेन. रोवेनाने दार पूर्ण उघडावे अशी माझी अट नाही. मूठ आत जाईल एवढी फट पुरे. काठी सात फुटांची आहे, मी पायरीवर उभा राहू शकतो. या वेळी रस्त्यांचे नंबर म्हणणार नाही.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे, आणि पुढील दोघांच्या समोर सही करत आहे.

व्हर्लिन एडगर हॅथकॉक

साक्षीदार: बर्ल सँडेज, दुकानदार. खाडाखोड माझ्यासमोर झाली. सही करण्यापूर्वी ट्रकमध्ये पेट्रोल भरलेले पाहिले.
साक्षीदार: इमोजीन टॅकेट, वकील.

स्थळ: कॉर्बिन काउंटी, मिसूरी
दिनांक: गुरुवार, ११ एप्रिल २०१९