पाण्यानं धुतलेली शेगडी

तेत्सुजी भावजींना,

ह्यांनी जुन्या बाजारातून आणलेली मातीची शेगडी तुम्हीच नवी करून दिली होतीत. ती तडकल्यावर मी काही न बोलता तुमच्याकडे पाठवली. काल पितळी पट्टी बांधून परत आली, सोबत निरोप: "वहिनी, माझाच हात चुकला. आता हे काम बंद."

भावजी, तुमचा हात चुकला नाही. शेगडी मी धुतली.

या मातीला पाणी लावायचं नसतं, हे शेगड्या बनवणाऱ्या आपल्या सुझू गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे गेल्यावरही तिला भाजलेल्या बांगड्याचा वास यायचा. वाटायचं, हे अंगणात पंख्यानं वारा घालत बसलेत, आता म्हणतील, "ताट आणतेस, की तुझाही मीच खाऊ?" दोनदा मी ताट घेऊन बाहेर गेले. तिसऱ्या वेळी तिच्यावर पाण्याची बादली ओतली. ओलीतच निखारे घातले आणि ती उभी चिरली.

आज पुन्हा पेटवली. धूर सावकाश वर चढला. वास तसाच आहे, आणि बरं वाटलं.

हे पत्र टाकणार नाही. कागदाआड लपून असलं सांगू नये. उद्या सकाळी तुमच्या दारात येते. हवं तेवढं रागवा, फक्त कामाला बसा.

तुमची वहिनी,
किनुए