रुग्ण राहीबाई फडतरे यांना आम्ही अंदमानहून परत येईपर्यंत घरी न सोडणेबाबत

दि. २ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, नवी मुंबई
(मार्फत : स्त्री अस्थिरोग कक्ष)

अर्जदार : धनाजी हौसेराव फडतरे, मेहताजी (हिशेबनीस), कांदा-बटाटा बाजार, तथा सचिव, गृहनिर्माण सोसायटी, बोनकोडे, कोपरखैरणे

विषय : माझी आई राहीबाई हौसेराव फडतरे हिला आम्ही सहकुटुंब अंदमानहून परत येईपर्यंत कक्षातच ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षातील शालन सिस्टर यांचा कालचा फोन, की पेशंट छान आहे, सोमवारी घरी घेऊन जा.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सोमवारी मी घरी नाही. आज रात्रीच्या विमानाने आम्ही चेन्नईला व तेथून पहाटे अंदमानला जात आहोत. मी, पत्नी सौ. उज्वला, मुलगी वैदेही व मुलगा पार्थ. ही बाब कक्षात मी दोन वेळा तोंडी सांगितली होती. तरीही पेशंट बरा करण्याची एवढी घाई आपल्या लोकांना का, हे समजत नाही. इतर वेळी सरकारी काम किती दिवस चालते ते मी सोसायटीचा सचिव म्हणून चांगले जाणतो.

२. सहलीची पार्श्वभूमी अशी. माझे वडील माथाडी होते. त्यांनी जन्मभर पाठीवर गोणी वाहिली आणि सुट्टी म्हणजे साताऱ्याकडे गावची जत्रा, एवढेच आम्हाला ठाऊक. माझ्या आयुष्यातली ही पहिली सहल आहे. तिथे उन्हाला जमिनीवर पाय ठेवू न देणारे जंगल आहे आणि समुद्रात प्रवाळ आहे, ते काचेच्या तळाच्या बोटीतून बसल्या जागी दिसते. वैदेहीने त्याचे व्हिडिओ आजीला दाखवले. तेव्हापासून आई ज्याला-त्याला विचारत सुटली, "पाण्यात बी बाग असती व्हय?" दूधवाल्यालाही विचारले. मला लाज आणली.

३. म्हणून तिचेही तिकीट काढले होते, याची कृपया नोंद घ्यावी. उद्या कुणी म्हणायला नको की मुलाने आईला वगळले. फक्त मी तिला स्पष्ट सांगितले होते की, जंगलात चालावे लागते; चालता आले नाही तर हॉटेलच्या खोलीत बसवून आम्ही जाऊ. चालण्याचा सराव म्हणून रोज आपला जिना चढ-उतर कर, असेही मीच सुचवले. तिने वैदेहीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, नऊवारी खोचून, चार मजले चढ-उतर सुरू केली. सगळी बिल्डिंग हसत होती. शेवटी नुकत्याच धुतलेल्या जिन्यावर ती पडली व खुब्याचे हाड मोडले. जिना वाळू देण्याचे साधे तारतम्य तिला राहिले नाही, त्याला मी काय करणार?

४. हे पहिल्यांदा घडलेले नाही. आम्ही बाहेर पडायचे म्हटले की आईचे काहीतरी निघतेच. मागे महाबळेश्वरला निघालो तर तिच्या पोटात खडे निघाले आणि जाणेच राहिले. आता तर अगदी कहर केला. आमच्या बाजारातला हमालसुद्धा म्हणाला, "मेहताजी, तुमची म्हातारी टायमिंगला पक्की आहे." मी हसलो नाही, पण त्याचे खोटेही नव्हते.

५. तरी खालीलप्रमाणे विनंती आहे.

(अ) डॉक्टरांनी काहीतरी बारीकसे कारण काढून तिचा डिस्चार्ज थांबवावा. ताप, बी.पी., टाके, जे सोयीचे असेल ते. पेशंटला काही विचारू नये. तिला विचारले तर ती बरी आहे असेच म्हणणार. आयुष्यभर तिने दुसरे काही म्हटलेले नाही.

(आ) शेजारच्या खाटेवरील बाईंचा मोबाईल तिला देऊ नये. परवा तिने त्यावरून फोन करून विचारले, "निघालासा का न्हाई आजून?" निघालो असे सांगून मी ठेवला. वैदेहीला तिने सांगितले आहे की, "माज्या वाटचं बी बघून ये." ही तिची तोंडी संमती समजण्यात यावी.

(इ) कवळीची डबी तिने घरी येताना लागेल म्हणून मागितली होती. ती सोबत पाठवत आहे. आई घरी येणार नसल्याने तिथेच वापरावी.

६. आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा अर्ज लेखी करत आहे. वय पाहता आमच्या माघारी काही बरेवाईट झाले, तर आम्हाला कळवू नये.

कारण आपणास सांगायला हवे. आमच्याकडे सुतक माणूस गेल्यापासून नव्हे, तर बातमी कानावर पडल्यापासून धरतात. ऐकले त्याला लागले, ऐकलेच नाही त्याला काही नाही. एकदा ऐकले की डोक्यावरून अंघोळ करायची आणि दहाव्यापर्यंत घर धरून बसायचे. मग कुठले प्रवाळ आणि कुठली बोट! आम्ही परत आलो की आम्हाला सावकाश कळवावे. तोवर तिला आपल्या शवागारात ठेवावे. आमच्या बाजारात बटाटा महिनोन्‌महिने शीतगृहात राहतो, त्यामुळे या सोयीत मला काही कमीपणा वाटत नाही.

७. या विनंतीला पूर्वदाखला आहे आणि तो खुद्द पेशंटचा आहे. माझ्या लग्नात हळदीच्या सकाळी आईची आई गेल्याचा निरोप आला. निरोप आणणाऱ्याला आईने मागच्या परड्यात नेले, चहा पाजला आणि गुपचूप परत पाठवले. कुणाला कळू दिले नाही, कारण कळले असते तर नवऱ्या मुलाच्या आईलाच मांडवातून उठावे लागले असते. तिने मला हळद लावली. पंगत वाढली. अक्षता पडल्या, वरात घरी आली, तेव्हा ती परड्यात जाऊन रडली. म्हणजे शुभकार्याच्या वेळी असे करता येते, हे तिला पूर्ण मान्य आहे.

यावर सौ. उज्वलाचे म्हणणे असे की, "सासूबाईंनी ऐकलं होतं आणि एकट्यानं सोसलं होतं. तुम्हाला ऐकायचंच नाहीये." बायकांना कायद्यातले कळत नाही. अर्जाच्या परिपूर्णतेसाठी तिचे म्हणणे नोंदवले, इतकेच.

८. हा अर्ज इथेच संपणार होता. आमचा वॉचमन अंकुश तो आपल्या कक्षात आणून देणार होता. पुढील मजकूर निघण्याच्या वेळी जोडत आहे.

आज दुपारी जेवणे झाल्यापासून आपल्या रुग्णालयाचा फोन वाजतो आहे. मी तो घेतला नाही. डिस्चार्जचाच असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. पुन्हा वाजला. पुन्हा नाही घेतला. चौथ्यांदा वाजला तेव्हा सौ. उज्वलाने तो माझ्या हातून हिसकावून घेतला व कानाला लावला. मी ताबडतोब गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतले. बाहेर अडत बाजाराचे टेम्पो हॉर्न देत होते, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. काचेतून ती मला दिसत होती. ती फक्त ऐकत होती. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी आत आलो तेव्हा ती बाथरूममध्ये होती. अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनिशी तिने डोक्यावरून पाणी घेतले. तशीच निथळत बाहेर आली, देवघरापुढे पडदा ओढला आणि वैदेहीला अंघोळीला आत पाठवले. वैदेही आतून मोठ्याने रडल्याचे ऐकू आले. परंतु पाणी चालू असल्याने शब्द समजले नाहीत. नंतर पार्थला पाठवले. तो आजीचे ते कॅनव्हासचे बूट हातात धरूनच आत गेला.

मी कारण विचारले नाही. कुणी मला सांगितलेही नाही. सौ. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ओल्या पायांचे ठसे बॅगांपर्यंत येतात आणि तिथून दुसरीकडे वळतात. गाडी खाली उभी आहे. अंकुश वर येऊन बॅगा उतरवू का विचारून गेला. आता ती तिघे तशाच ओल्या केसांनी रिक्षा करून आपल्याकडे निघाली आहेत.

घरात फक्त मी कोरडा आहे.

तरी महोदय, अर्जातील मुद्दा सहावर सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. आईबाबत अद्याप मी काहीही ऐकलेले नाही. कृपा करून मला कुणीही काहीही सांगू नये. मी इथेच बसलो आहे. अक्षर बिघडले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपला नम्र व अद्याप काहीही न ऐकलेला,

(सही)
धनाजी हौसेराव फडतरे

सोबत :
१. विमान तिकिटांच्या छायाप्रती, पाच. आईचे तिकीट रद्द करायचे राहून गेले होते.
२. कवळीची डबी.