गोष्टीतली आई काय म्हणते

आई,
तुझ्या शेंडेफळाचा तुला इथूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. दोन्ही वेळ नीट जेवतो. पुस्तकबांधणीचं काम आता हातात बसलंय. तुझा गुडघा कसा आहे? मशीनवर तासन्‌तास बसू नकोस.

मोबाइलवर आमचा एक गट आहे. तिथे आम्ही गे माणसांच्या गोष्टी लिहितो, एकमेकांच्या वाचतो आणि चुकलं की कानही पिळतो. माझ्या गोष्टीतल्या मुलाचं एका सुतारावर प्रेम आहे. मुलाची आई कपडे शिवते आणि कुणाचीही वाकडी टीप दिसली की न बोलता उसवून पुन्हा मारते. ही मी तुझ्यावरूनच उचलली, रागावू नकोस.

परवाच्या भागात मुलानं तिला सगळं सांगितलं आणि ती धाय मोकलून रडली. गटात एक नर्सबाई आहेत, त्यांनी लगेच खडसावलं, "ही बाई अशी रडायची नाही. आधी आपल्या आईला विचारा, मग लिहा."

म्हणून विचारतोय. तो मुलगा मीच आहे, आई. सुतारही खरा आहे, रोज मला जेवलास का म्हणून विचारतो.

मी तो भाग उसवलाय. तिच्या वाक्याची जागा कोरी ठेवली आहे. ते तू लिहून पाठव.

तुझाच,
शेंडेफळ