जेरोलिनवरून दोन विद्यापीठांत जुंपली

४ जानेवारी, गोरोका
आजपासून ठरवलं. जेरोलिनच्या अ‍ॅडमिशनबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. बारावीला मार्क चांगले. मुलगी कुणाची आहे! मोरेस्बी आणि लाए, दोन्ही शहरांतल्या सरकारी विद्यापीठांचे फॉर्म मी स्वतः भरलेत. यादीला दोन आठवडे. तोवर तोंड बंद.

४ जानेवारी, संध्याकाळ
सुपारीवाला योपो फारच खोदून विचारत होता. इतकंच म्हणालो, की दोन्हीकडून बोलावणं येईलसं दिसतंय. याला सांगणं म्हणत नाहीत.

७ जानेवारी
किळस आली या गावाची. गोदामात कॉफीची पोती तोलत होतो, तर वॉचमन म्हणतो, तुमच्या पोरीवरून दोन विद्यापीठांत जुंपलीय म्हणे! लोकांना उद्योग नाहीत. सुपारी चघळायची, रस्ताभर लाल पिचकाऱ्या मारायच्या आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या चौकश्या.
मात्र एक आहे. वॉचमनला मी काहीच बोललेलो नाही. म्हणजे त्याला दुसरीकडून कळलं. म्हणजे बातमीत तथ्य असणार.

९ जानेवारी
तथ्य आहे. चर्चबाहेर बायका बोलत होत्या, मोरेस्बीवाले विमानाचं तिकीट पाठवणार, लाएवाले गाडी. मी दुरुस्ती केली, की विमान आम्हीच नाकारू, मुलीला उलट्या होतात.
घरी सांगितलं तर जेरोलिन म्हणाली, "पप्पा, ही अफवा तुमचीच आहे. गावभर फिरून घरी आलीय." माझी बायको मोरीन हसली. या घरात मला काडीची किंमत नाही.

१२ जानेवारी
किनाऱ्यावरच्या कुठल्याशा नर्सिंग कॉलेजचं पत्र. जागा दिलीय, अठरा तारखेपर्यंत पालकाच्या सहीने होकार कळवा. जेरोलिनने परस्पर अर्ज केला होता. म्हणे, मला नर्सच व्हायचंय, दोन वर्षं सांगतेय. कुणाला सांगतेय? मी तर घरातच असतो.
सही केली नाही. पत्र कपाटावर फेकलं. दोन विद्यापीठं ताटकळत असताना मुलीला लोकांची घाण काढायला पाठवू? शी! ती जेवली नाही. येईल ताळ्यावर.

१६ जानेवारी
डोंगरावरून सगळी भावकी उतरली, डुक्कर घेऊन. मी बोलावलं नव्हतं. जेवणाची तारीख तेवढी कळवली होती. खड्डा खणून, दगड तापवून डुक्कर आणि रताळी भाजली. लपासोकाकांनी भाषण केलं, की आमची मुलगी दोन्ही विद्यापीठांत शिकेल, सोमवार ते बुधवार इकडे, उरलेले दिवस तिकडे. मी टाळ्या वाजवल्या. जेरोलिन तोंड पाडून उष्टी काढत होती. पाहुण्यांसमोर काय हा चेहरा!

२० जानेवारी
याद्या आल्या. मोरेस्बीच्या यादीत नाव नाही. लाएच्या यादीत एक जेरोलिन आहे, बाप वेगळा. छपाईची चूक असेल म्हणून पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.
मग कपाटावर हात घातला. पत्र नाही. मोरीन म्हणाली, "तेरा तारखेलाच होकार पाठवला. पालक म्हणजे आईसुद्धा असते." म्हणजे डुक्कर कापलं तेव्हा दोघींना सगळं ठाऊक होतं.
स्वतःचा वीट आला, असं लिहिणार होतो. पण त्यात भावकीचाही दोष आहेच.

२ फेब्रुवारी
सकाळी बसपर्यंत पोचवायला गेलो. जेरोलिन म्हणाली, "पप्पा, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं." मी तिची बॅग टपावर चढवून दिली. बस सुटताना तिने खिडकीतून हात काढून माझी कॉलर नीट केली.
परतताना योपोने गाठलं. शेवटी कोण जिंकलं, मोरेस्बी की लाए? आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगितलं, की कुणीच नाही. दोन्हीकडे नाव लागलं नाही. नर्सिंगला गेली, स्वतःच्या हिमतीवर.
योपो पचकन थुंकला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एझ्रॉनभाऊ, लोक जळतात, काय वाट्टेल त्या कंड्या पिकवतात. तुम्ही नका विश्वास ठेवू."