हॉलच्या सागवानी जमिनीची व्यवस्था

मी, रत्नाबाई मानसिंगराव मोहिते, वय वर्षे ७६, राहणार बनशंकरी, बेंगळूरु, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून वा दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही माझ्या बुद्धीबद्दल कुणाला शंका असेल, तर मी आहे तोवर घरी येऊन विचारावे. हॉलमध्ये ४१२ लाकडी पट्ट्या आहेत आणि कुठली कुठे आहे, हे मी डोळे मिटून सांगेन.

कलम १. राहते घर माझे पती कै. मानसिंगराव यांनी स्वकष्टाने बांधले व त्यांच्यामागे ते माझ्या नावावर झाले. ते, आणि बँकेतली ठेव, माझा एकुलता एक मुलगा अभिमन्यू याला मिळावी. तो बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर राहतो आणि हे घर बिल्डरला देण्याच्या गोष्टी करतो. खुशाल द्यावे. मात्र हॉलमधली सागवानी जमीन यात धरलेली नाही. जमीन म्हणजे पायाखालचे लाकूड, प्लॉट नव्हे, असे स्पष्ट लिहायला वकील अरविंद यांनी सांगितले. ते असेही म्हणाले, "अक्का, घर एकाला न् लाकूड दुसऱ्याला, कोर्टात स्वल्प कष्ट होईल." मी म्हटले, "तुम्ही लिहा तर. तीस वर्षं टिकवलीय मी, कोर्टातही टिकवीन."

कलम २. या जमिनीची हकीगत नोंदवून ठेवते. मानसिंगराव पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करीत. यंत्राचा भाग आधी सागवानात घडवायचा, वाळूत त्याचा ठसा उमटवायचा आणि त्या ठशात लोखंड ओतायचे, असे ते काम. त्यांचा हात इतका सरळ की साहेब लोक मापपट्टी खिशातच ठेवत. १९९३ साली कारखान्याने जुने साचे मोडीत काढले, तेव्हा यांनी ते टेम्पोत घालून घरी आणले. दीड वर्ष प्रत्येक सुट्टीला रंधा मारला आणि पट्टीत पट्टी अडकवून हॉल भरला. वर एक खिळा दिसत नाही. प्रत्येक पट्टीच्या पोटाला पेन्सिलने आकडा आहे, नकाशा कपाटात आहे. उंबऱ्याजवळच्या सातव्या पट्टीवर साच्याचा लाल रंग अजून दिसतो. तो मी कुणाला घासू दिला नाही.

माझ्या नणंद गौरीअक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, "दोन वर्षांत वाळवी खाईल. नाही खाल्ली तर माझं नाव बदला." मी नाव बदलले नाही. दर दसऱ्याला त्यांना अनवाणी हॉलभर फिरवते, एवढेच.

कलम ३. बसवली त्यांनी, पण राखली मी, आणि हे लिहिताना मला कसलाही संकोच वाटत नाही. ज्याच्याकडे ती जाईल त्याने असे करावे : रोज मऊ झाडूने झाडावे, खराटा आत आणू नये. रस्त्यावरची रेती चपलेबरोबर आत येते आणि लाकूड ओरखडते, म्हणून चपला गेटपाशीच. फडके इतके पिळावे की पुसलेली जागा पंधरा आकडे म्हणेपर्यंत सुकली पाहिजे. पुसायचे ते लाकडाच्या रेषेने. फिनेल नाही, साबण नाही, वाफेचे यंत्र तर नाहीच. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड चिकटवावे. गॅसचा सिलिंडर उचलून न्यावा, गडगडवत नेऊ नये. दसऱ्याआधी कोरडे ऊन बघून जवसाचे तेल आणि मेण हलक्या हाताने लावावे. तेलाचे फडके बोळा करून ठेवू नये, आपोआप पेटते. दोरीवर पसरून वाळवावे.

कलम ४. यल्लव्वा माझ्याकडे एकोणीस वर्षे काम करते. पहिल्या दिवशी ती फिनेलची बाटली घेऊन आली, तेव्हा मी बाटली गेटबाहेर ठेवली आणि तिला आत घेतले. आज ती माझ्या चुका काढते. माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या तिला द्याव्यात.

कलम ५. आता माळ्यावरच्या दोन पितळी बादल्या.

२००९ च्या मार्चमध्ये मानसिंगराव गेले. त्यांना नेल्यावर रीतीप्रमाणे घर धुवायला काढले. गौरीअक्कांनी याच बादल्या भरभरून हॉलमध्ये ओतल्या. मी आतल्या खोलीत बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. माझी सून मुग्धा पुण्याची, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. ती कपाटातल्या सगळ्या चादरी घेऊन खाली बसली आणि पाणी टिपू लागली. "आत्या, प्लीज थांबा ना, बाबांचं फ्लोअरिंग खराब होईल," असे म्हणत होती. बायका कुजबुजू लागल्या. मी दारात आले आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "ऊठ. घरातलं माणूस गेलंय न् तू लाकूड पुसतेस? जनाची नाही तर मनाची तरी लाज धर."

ती उठली नाही. मान खाली घालून टिपत राहिली. चौदा चादरी लागल्या.

तरीही पट्ट्या फुगल्या. त्या पुन्हा बसायला दिवाळी उजाडली. तिने पाणी टिपले नसते तर सगळी जमीन उखडली असती, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. सोळा वर्षे मी ते तिला सांगितले नाही. जमिनीचा अभिमान मला शोभला, सासूपणाचा नडला. मुग्धा, त्या दिवशी तू बरोबर होतीस आणि मी चुकले. मला तुझा फार अभिमान वाटतो.

बादल्या गौरीअक्कांना द्याव्यात. त्यांच्या घरी मोझेक आहे, हवे तेवढे पाणी ओतावे.

कलम ६. हॉलची सागवानी जमीन, सर्व ४१२ पट्ट्या, नकाशा आणि मानसिंगरावांचा रंधा माझी सून मुग्धा हिला देते. तिच्या लेखी संमतीशिवाय एकही पट्टी कुणी उचलू नये, अभिमन्यूनेही नाही. तिला वाटल्यास तिने ती अकराव्या मजल्यावर नेऊन बसवावी.

कलम ७. मला शेवटी हॉलमध्येच चटईवर ठेवावे. नेल्यानंतर स्वयंपाकघर, अंगण, पायऱ्या रीतीप्रमाणे धुवाव्यात. हॉलमध्ये पाण्याचा थेंब पडता कामा नये. तिथे मुग्धाने घट्ट पिळलेल्या फडक्याने, रेषेने, दारापर्यंत पुसत जावे. लोक बोलतील. तिने सांगावे की सासूची आज्ञा आहे आणि लेखी आहे. यासाठी कलम ५ ते ७ ची प्रत मी येत्या रविवारी तिच्या हातात देणार आहे. तोंडाने सांगायला मला जमेल असे वाटत नाही.

काही झाले तरी तिने मधेच उठू नये. या वेळी दारात येऊन तिला ऊठ म्हणणारी मी नसेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : रत्नाबाई मानसिंगराव मोहिते

साक्षीदार (दोघांनीही चपला गेटपाशी काढून आत येऊन सही केली) :
१. डॉ. सुखदा पुरुषोत्तम जोशी, सही
२. उल्हास शिवाजीराव जगताप, शेजारी, सही

स्थळ : बनशंकरी, बेंगळूरु
दिनांक : १९ सप्टेंबर २०२५