खाडीचं पाणी कुणी तोडलं?

बिरोबाच्या नावानं चांगभलं.

तीर्थरूप भाऊसो मामांच्या पायांवर आकारामचं डोकं. तुमचा गुडघा आता बरा आसंल. मामी आन शालू खुशाल आसतील (शालूचं नुसतं रीतीला म्हणून इचारलं).

तुमी म्हणाला हुता, माझ्या धाकट्या भावाची, लालासाहेबाची मेंढरं कोकणात शेतात बसल्यात, त्याच्याकडं खाडीपल्याड एवढा एडका पोचीव, मग शालू तुझी. तर मामा, एडका पोचला. अट पुरी झाली. आता ह्या मुलखाची तऱ्हा ऐका.

हितली माणसं निव्वळ आळशी! दारात पाणी, पाण्यात होडी, आन तांडेल बिडी फुकत म्हणतोय, भरती येऊ दे. आरं, पाण्याची वाट आमी बघायची, आमच्याकडं ते न्हाईच म्हणून. तुमाला काय धाड भरलीया? म्हणलं, हाण होडी. मधी गेलो तर पाणी सरासरा उतराय लागलं आन होडी चिखलात बसली. तांडेल म्हणतोय, ओहोटी हाय. मला काय खुळा समजला? आपला गुंडादादा लढाईत बोटीनं बसऱ्याला जाऊन आलाय, त्यानं शपथेवर सांगितलंय, समिंदराचं पाणी कवा कमी हुत न्हाई. मग हे गेलं कुठं? मी तवाच वळाखलं, वरच्या अंगाला कुणीतरी पाट फोडून पाणी आपल्या रानात घेतलं (तुमच्या चुलत्यानं न्हवतं का घेतलं? राग मानू नगा). काठी घेतली, खाली उतरलो आन बोंबलत निघालो, "आमच्या पाळीचं पाणी कुणी तोडलं रं?"

कमरंपतोर रुतलो, पर शिव्या थांबवल्या न्हाईत. आन मामा, शिव्या लागू पडल्या! चोरांनी घाबरून समदं पाणी माघारी सोडलं. जरा जास्तच सोडलं. काठावर शिंपल्यातली कालवं काढत बसलेल्या मनुबाईनं मला पटक्याला धरून भाईर वडलं (तिच्या हसण्याचं लिवत न्हाई). तवर होडी तरंगली आन तांडेल एडका घिऊन पल्याड गेला. माझ्यासाठी थांबला सुदीक न्हाई. असली ही माणसं!

घरी समद्यास्नी रामराम.

तुमचा भाचा,
आकाराम

ता. क. मी आजून अल्याडच हाय. तांडेल रोज बोलवतोय, पर त्याच्या होडीत मी पाय ठेवणार न्हाई. भ्यालो न्हाई, मानाचा सवाल हाय.

आनखी एक. लालासाहेब मामा उद्या गावाकडं चालत निघत्यात. एडका एकटाच आला, आकाराम चिखलातच ऱ्हायला, आसं चारचौघांत सांगतील. आवं, अट एडका पोचायची हुती, माझी कुठं हुती? टपाल त्यांच्या आदी पोचंल. त्यांचं पाय गावाला लागायच्या आत तेवढी सुपारी फोडून टाका.